कोंबडीच्या पोटातला बटवा

हुपरी, रेंदाळ, यळगूड या पट्ट्यात तुमच्या ओळखीत कुणाचं पोल्ट्रीचं शेड असेल, तर गंबोरो हा शब्द तुमच्या कानावरून गेलाच असेल. गंबोरोची लस द्यायच्या दिवशी शेडवर वेगळीच लगबग असते. पिल्लांचं पाणी तास-दोन तास बंद ठेवतात. मग ताज्या पाण्यात थोडी दूध पावडर कालवतात, म्हणजे पाण्यात क्लोरिन असलं तरी लस वाया जात नाही. त्यात लस मिसळून ड्रिंकर भरले की तहानलेली पिल्लं त्यावर तुटून पडतात. ही सगळी धडपड पिल्लाच्या शेपटीखालच्या एका छोट्या पिशवीसाठी असते. गंबोरोचा विषाणू नेमका त्या पिशवीवर हल्ला करतो.

आता तुमच्या बारावीच्या पुस्तकाकडे वळू. बी-पेशी आणि टी-पेशी तुम्ही पाठ केल्यात. टी म्हणजे थायमस, हे ठीक. बी म्हणजे काय? वर्गात विचारून बघा. दहापैकी आठ जण बोन मॅरो असंच सांगतील. माणसापुरतं ते जुळतंही, कारण आपल्या बी-पेशी अस्थिमज्जेतच तयार होतात. पण नाव पडलं ते कोंबडीवरून. बी म्हणजे बर्सा. लॅटिनमध्ये बर्सा म्हणजे थैली, बटवा. इंग्रजीतला पर्सही त्याच घरातला. शेडमधल्या पिल्लाची ती पिशवी आणि तुमच्या पुस्तकातला तो बी, दोन्ही एकच. तिचं पूर्ण नाव बर्सा ऑफ फॅब्रिशियस.

हा फॅब्रिशियस कोण? चारशे वर्षांपूर्वीचा एक इटालियन डॉक्टर. त्याच्या काळात युरोपभर गाजलेला. आणि गंमत म्हणजे, ज्या अवयवाला त्याचं नाव लागलं, त्याचं काम त्यानं साफ चुकीचं सांगितलं होतं. तरीही त्याचं नाव का टिकलं, हे जाणून घेण्यासारखं आहे. प्रोजेक्ट फसला म्हणून तोंड पाडून बसला असाल, तर जरूर वाचा.

गावाकडचा पोरगा, पडुआचा प्राध्यापक

रोमच्या उत्तरेला आक्वापेन्देन्ते नावाचं एक छोटं गाव आहे. तिथं 1533 च्या सुमारास जिरोलामो फाब्रिची जन्मला. त्या काळी विद्वान माणसाचं नाव लॅटिनमध्ये लिहायची पद्धत होती, म्हणून तो पुढं हायरोनिमस फॅब्रिशियस झाला. घर नाव असलेलं होतं. शिकायला तो पडुआला गेला. व्हेनिसच्या राज्यातलं हे विद्यापीठ म्हणजे तेव्हाची वैद्यकाची पंढरीच. आधी ग्रीक, लॅटिन, तर्कशास्त्र आणि मग वैद्यक असा त्याचा अभ्यास झाला. गुरू मिळाला गाब्रिएले फालोप्पिओ. फॅलोपियन ट्यूब हे नाव ज्याच्यावरून आलं, तोच हा.

1562 साली फालोप्पिओ वारला. फॅब्रिशियसनं काही काळ खाजगी वर्ग घेतले आणि 1565 साली शस्त्रक्रिया आणि शरीररचना शिकवायची ती जागा त्याला मिळाली. पुढं जवळजवळ पन्नास वर्षं त्यानं ती सोडली नाही.

डॉक्टर म्हणूनही त्याचा हात चांगला होता. त्याच पडुआत तेव्हा गॅलिलिओ गणित शिकवत होता, तोही त्याचा पेशंट. 1607 साली व्हेनिसचा मोठा विद्वान पाओलो सार्पी याच्यावर मारेकऱ्यांनी सुरे चालवले. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत फॅब्रिशियस होता. सार्पी वाचला आणि व्हेनिसच्या सरकारनं या डॉक्टरला सरदारकीचा मान दिला.

मेणबत्त्यांच्या उजेडातला वर्ग

शरीररचना शिकायची तर मृतदेह उघडून दाखवावा लागतो. हे काम थंडीतच व्हायचं, कारण उन्हाळ्यात देह टिकत नाही. पूर्वी त्यासाठी दरवर्षी तात्पुरती लाकडी बैठक उभारत आणि काम झालं की मोडत. फॅब्रिशियसच्या काळात पडुआत 1594-95 च्या हिवाळ्यात कायमचं शवविच्छेदनगृह उभं राहिलं. ते आजही तिथं आहे. एखाद्या लांबट विहिरीत वरून डोकवावं तसा त्याचा आकार आहे. तळाशी टेबल आणि भोवती एकावर एक सहा लंबगोल कठडे. मुलं कठड्याला टेकून, दाटीवाटीनं उभी राहून खाली बघायची. बसायला जागाच नाही. उजेड मेणबत्त्यांचा.

तिथं फॅब्रिशियसनं एक सवय लावली. नुसता माणूस बघायचा नाही, त्याच्या शेजारी मासा, साप, मेंढी, कोंबडीही ठेवून बघायची. डोळा घेतला तर सगळ्यांचा डोळा, स्वरयंत्र घेतलं तर सगळ्यांचं स्वरयंत्र. बघितलेलं चित्रकारांकडून काढून घ्यायचं आणि तेही रंगात. अशी तीनशेच्या आसपास रंगीत चित्रं त्यानं करून घेतली आणि पुढं ती व्हेनिसच्या सरकारला देऊन टाकली. कॅमेरा नसलेल्या काळात हे काम केवढं मोठं, याचा अंदाज करा.

छोटी दारं

त्याचं सगळ्यात गाजलेलं निरीक्षण शिरांबद्दल आहे. हातापायांच्या शिरांच्या आत जागोजागी पातळ पडदे असतात. 1570 च्या दशकात त्याच्या ते ध्यानात आले. त्यानं ते वर्गात उघडून दाखवले आणि 1603 साली त्यांवर चित्रांसकट पुस्तक छापलं. त्यांना नाव दिलं छोटी दारं. पण ही दारं कशासाठी? त्याच्या मते, रक्त एकदम खाली पायांत उतरून साचू नये म्हणून त्याचा वेग कमी करायला.

उत्तर चुकलं होतं. पण त्या सुमारास त्याच्या वर्गात कठड्याला टेकून एक इंग्रज पोरगा उभा असायचा, विल्यम हार्वे. 1602 साली तो पदवी घेऊन मायदेशी गेला, पण ती दारं त्याच्या डोक्यातून गेली नाहीत. दारं एकाच बाजूला उघडतात, म्हणजे शिरांतलं रक्त एकाच दिशेनं, हृदयाकडं जात असलं पाहिजे. या धाग्यानं पुढं जात 1628 साली हार्वेनं रक्ताभिसरण मांडलं आणि वैद्यकाचं सगळं चित्र पालटलं. गुरूला दार दिसलं, ते उघडून आत गेला शिष्य.

वर्गातली भांडणं

आता तुम्हाला वाटेल, असा मास्तर मिळायला नशीब लागतं. त्याच्या विद्यार्थ्यांना मात्र तसं वाटत नव्हतं. फॅब्रिशियस वर्ग पुढं ढकलायचा, टाळायचा. त्याचं मन शिकवण्यापेक्षा शोधात जास्त. पडुआत जर्मन मुलांचा मोठा गट होता. त्यांच्या उच्चारांची त्यानं वर्गात टर उडवली म्हणून ती मुलं भयंकर चिडली आणि तक्रारी वरपर्यंत गेल्या.

त्यात घरातच एक प्रतिस्पर्धी तयार झाला. जुलिओ कास्सेरी हा गरीब घरचा मुलगा फॅब्रिशियसकडं नोकर म्हणून आला होता. तिथंच बघत, शिकत तो हुशार शरीररचनातज्ज्ञ झाला. विद्यार्थी कंटाळून कास्सेरीच्या खाजगी वर्गांकडं वळायला लागले, तसं म्हाताऱ्याचं पित्त खवळलं. दोघांचं वैर वर्षानुवर्षं चाललं. 1609 साली शस्त्रक्रिया शिकवायचं काम विद्यापीठानं कास्सेरीकडं दिलं. पण 1616 साली कास्सेरीच आधी गेला. दोघंही विलक्षण कामाचे, आणि एकमेकांचं मोठेपण दोघांनाही पचलं नाही. तुमच्या कॉलेजातही असं एखादं उदाहरण असेल. नाव घेऊ नका, एवढंच.

रोज एक अंडं

फॅब्रिशियसला एक भलंमोठं पुस्तक लिहायचं होतं. सगळ्या प्राण्यांचे सगळे अवयव, एका जागी. ते कधीच पुरं झालं नाही. त्याचे तुकडे मात्र एकेक करून बाहेर पडत राहिले. त्यातला एक तुकडा अंडं आणि पिल्लाबद्दलचा.

पद्धत साधी होती. कोंबडी अंड्यांवर बसली की दिवसागणिक अंडी फोडून बघायची. आज रक्ताचे धागे दिसतात, मग डोळ्यांचा काळा ठिपका, मग चोच, मग पिसं. असं काम अ‍ॅरिस्टॉटलच्या वेळीही झालं होतं, पण दिवसामागून दिवस अशी चित्रांची मालिका छापील पुस्तकात आली ती फॅब्रिशियसची. इथंही तो घसरला. अंड्यात बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे पांढरे पिळदार धागे असतात, त्यांच्यापासून पिल्लू बनतं असं त्यानं लिहिलं. ते खोटं ठरलं. बलकावरच्या फिकट ठिपक्यातून पिल्लू होतं, हे पुढं हार्वेनंच सांगितलं.

आणि कोंबडी उघडल्यावर त्याला ती पिशवी दिसली. आतड्याचा शेवट जिथं होतो, जिथून विष्ठाही येते आणि अंडंही, त्या भागाच्या वरच्या अंगाला चिकटलेली. तोंड आतड्यात उघडणारं. त्यानं तिची जागा, आकार, तोंड नीट टिपलं. काम काय असावं? कोंबड्याचं वीर्य साठवून ठेवायला असेल, असा त्यानं अंदाज केला. हार्वेला तो पटला नाही. पटण्यासारखा नव्हताच, कारण ही पिशवी नरालाही असते. शिवाय कोंबडी वयात येता येता ती आक्रसत जाते, म्हणजे गरज पडायच्या वेळीच गायब.

1613 साली, ऐंशीच्या घरात असताना, त्यानं शिकवणं थांबवलं. 21 मे 1619 रोजी तो वारला. अंड्याचं पुस्तक तेव्हा छापलंही नव्हतं. ते बाहेर आलं 1621 मध्ये. ज्या पानामुळं पुढं त्याचं नाव जगभरच्या प्रयोगशाळांत जाणार होतं, ते पान त्यानं छापलेलं बघितलंच नाही.

उसन्या कोंबड्या

पुढची तीनशे वर्षं पिशवी तिथंच राहिली, नावासकट. काम कुणालाच ठाऊक नाही.

1950 च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी पोल्ट्रीचा अभ्यास करत होता. प्राध्यापक हंसाच्या शरीरातली ती पिशवी काढून दाखवत होते. ग्लिकनं विचारलं, ही काय करते? प्राध्यापकांनी तो प्रश्न त्याच्यावरच सोपवला. मग ग्लिकनं पिल्लं घेतली, वजनं केली. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ही पिशवी झपाट्यानं वाढते, हे त्याला दिसलं. त्यानं लहान पिल्लांची पिशवी शस्त्रक्रियेनं काढून टाकली आणि वाट बघत बसला. काहीच झालं नाही. पिल्लं खात होती, वाढत होती. प्रयोग बहुतेक वाया.

तेव्हा टिमथी चँग या त्याच्या सहकाऱ्याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. कोंबडीला साल्मोनेला जिवाणूचं इंजेक्शन द्यायचं आणि तिच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झालेली मुलांना दाखवायची. टायफॉइडसाठी आपल्याकडं जी विडाल टेस्ट करतात, तिचंच हे तत्त्व. रक्तातल्या द्रवाचा थेंब जिवाणूंत मिसळला आणि प्रतिपिंडं असली, की जिवाणूंच्या गुठळ्या होतात. चँगकडं कोंबड्या कमी पडल्या. त्यानं ग्लिककडच्या उसन्या घेतल्या.

प्रात्यक्षिक फसलं. काही कोंबड्या मेल्या आणि जगल्या त्यांतल्या कित्येकींच्या रक्तात गुठळ्या होईनात. चँगनं वैतागून ग्लिकला गाठलं. दोघांनी वही काढून कोंबड्यांचे नंबर ताडून बघितले. गुठळ्या न झालेल्या कोंबड्या त्याच होत्या, ज्यांची पिशवी लहानपणी काढली होती. मग त्यांनी जास्त कोंबड्या घेऊन पुन्हा केलं. उत्तर तेच.

त्यांनी लेख एका नामांकित विज्ञान नियतकालिकाकडं पाठवला, तो परत आला. शेवटी 1956 साली पोल्ट्रीवाल्यांच्या नियतकालिकात छापला. रोगप्रतिकारशास्त्राच्या बड्या मंडळींचं तिकडं बरीच वर्षं लक्षच गेलं नाही. 1960 च्या दशकात मॅक्स कूपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा धागा उचलला आणि दाखवलं की शरीरात दोन वेगळ्या फौजा असतात. एक थायमसमध्ये तयार होते, ती टी. दुसरी बर्सात, ती बी. माणसाला बर्सा नाही, म्हणून आपल्या बी-पेशी कुठं बनतात हे शोधायला आणखी वर्षं गेली. तोवर नाव पक्कं झालं होतं.

आतड्यातली लढाई

आता शेडवर परत या. पिल्लू तूस चिवडतं, विष्ठेनं बरबटलेलं खाद्य टिपतं आणि साल्मोनेला पोटात जातो. कोंबडीला आंधळी आतडी दोन असतात. हा जिवाणू तिथं मुक्काम ठोकतो. आतड्याच्या अस्तराच्या पेशी धोक्याचा इशारा देतात. आधी धावतात हेटेरोफिल. आपल्याकडं न्यूट्रोफिल जे काम करतात, ते कोंबडीत या पेशी करतात. मागोमाग जिवाणू गिळणाऱ्या पेशी येतात. पण साल्मोनेला बिलंदर. गिळणाऱ्या पेशीच्या पोटातही तो तग धरतो. तेव्हा त्या पेशींना जोर द्यायला टी-पेशी लागतात, आणि आतडं साफ करण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. बी-पेशी प्रतिपिंडं सोडतात. काही आतड्याच्या चिकट थरात, काही रक्तात. रक्तातली प्रतिपिंडं अंड्याच्या बलकातही उतरतात आणि पिल्लाला आईकडून पहिल्या दिवसांची शिदोरी मिळते. फॅब्रिशियस रोज अंडं फोडत होता, तेव्हा ही शिदोरी त्याच्या बोटांना लागतच होती.

आणि बर्सा? अंड्यात असतानाच बी-पेशींचे पूर्वज तिथं येतात. वेगवेगळे जिवाणू ओळखणारी प्रतिपिंडं कशी बनवायची, ते तिथं तयार होतं. पिशवीचं तोंड आतड्यात उघडतं, त्यामुळं तिथले जिवाणू थोडे थोडे आत खेचले जातात आणि त्यांची ओळखही होते. काही महिन्यांनी पेशी अंगभर पांगल्या की शाळा बंद, पिशवी आक्रसते. म्हणून ती मोठेपणी काढली तर फारसं बिघडत नाही. लहानपणी गेली तर नुकसान आयुष्यभराचं.

गंबोरो नेमकं हेच करतो. साधारण तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांच्या बर्सातल्या बी-पेशी तो मारतो. त्यातून वाचलेलं पिल्लू वरून ठणठणीत दिसेल, पण पुढं ई. कोलाय आला, साल्मोनेला आला की त्याच्याकडं उत्तर नसतं. दुसऱ्या लसी दिल्या तरी नीट लागू पडत नाहीत. शेतकरी म्हणतो, औषधपाणी सगळं केलं तरी मर थांबेना. पशुवैद्यक येतो, मेलेलं पिल्लू उघडतो आणि शेपटीखालची ती पिशवी बघतो. सुजलीय का, आत रक्त उतरलंय का, की आक्रसून गेलीय? कर्ज काढून टाकलेल्या बॅचचं काय झालं, ते त्या पिशवीत वाचता येतं. ती कुठं बघायची, कशी दिसायला हवी, हे पहिल्यांदा लिहून ठेवलं ते फॅब्रिशियसनं.

हुपरीत चांदीची पायल कशी बनते, हे तुम्हाला सांगायला नको. एका घरात तार ओढतात, दुसऱ्या घरात कड्या जुळवतात, तिसरीकडं घुंगरू बसतं, चौथीकडं पॉलिश होतं. कडी बनवणाऱ्याला ती पायल कुणाच्या पायात जाणार, हे माहीत नसतं. त्यानं आपली कडी नीट बनवली की पुढच्या हाताला जोडता येते. कडी कच्ची असेल तर पुढचे सगळे हात वाया.

फॅब्रिशियसचा अंदाज चुकला, पण कडी पक्की होती. त्यानं जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिलं, चित्र काढून घेतलं आणि आपलं मत वेगळं मांडलं. मत गळून पडलं, चित्र राहिलं. ग्लिकची वही नीट नसती, कुठल्या नंबरच्या कोंबडीची पिशवी काढली हे त्यानं टिपून ठेवलं नसतं, तर चँगचं फसलेलं प्रात्यक्षिक नुसतं फसलेलंच राहिलं असतं.

तेव्हा प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये रीडिंग जुळत नाही म्हणून शेजाऱ्याचा आकडा उतरवायचा मोह झाला, की थांबा. तुमचा आकडा तसाच लिहा. त्याचा अर्थ तुम्हाला लागेल किंवा नाही लागणार. पुढं कुणाला तरी तोच आकडा लागेल.